तिसऱ्या वर्षाला आहे, रिसर्च लॅबमधल्या इंटर्नशिपसाठी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे 'मला इथे का यायचंय' हे सांगणारा अर्जातला निबंध) लिहितेय, पण लिहिण्यासारखं काही केलेलंच नाही असं वाटतंय

सदाफुली_२१

नमस्कार. मी जीवशास्त्र घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या सुट्टीत आठ-दहा आठवडे एखाद्या रिसर्च लॅबमध्ये काम करायचं मी पक्कं ठरवलंय. सहा ठिकाणं काढून ठेवलीत. त्यातली मला सगळ्यात हवी असलेली लॅब फळमाश्यांच्या झोपेवर काम करते. माशी झोपते, आणि जागरण घडवलं तर ते नंतर भरून काढते, हे वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

मुदत संपायला पाच आठवडे आहेत. सीव्ही एका पानाचा झाला. घोडं अडलंय ते एसओपीपाशी. अर्ज इंग्रजीतच करायचाय, पण जे लिहिलंय ते मराठीत असं होतं:

"लहानपणापासूनच मला विज्ञानाची प्रचंड आवड आहे. निसर्गातील प्रत्येक गोष्टीमागचे कारण जाणून घेण्याचे कुतूहल मला स्वस्थ बसू देत नाही. आपल्यासारख्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन. मी मेहनती असून संघभावनेने काम करते."

तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा फिकं वाटलं. पण याऐवजी काय लिहू? माझ्या नावावर पेपर नाही. कुठल्या लॅबमध्ये काम केलेलं नाही. सदाफुलीच्या परागकणांवर कॉलेजचा एक साधा प्रोजेक्ट केलाय, तो तर सगळेच करतात. सरासरी १० पैकी ७.४ आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शिफारसपत्र विभागप्रमुखांकडून घेऊ, की आमचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमकडून? विभागप्रमुखांचं नाव मोठं आहे, पण ते मला चेहऱ्यानेही ओळखत नसावेत. आणि अर्ज भरायच्या आधी लॅबच्या प्रमुखांना मेल करणं बरं दिसतं का?

माशीघर

सदाफुली, मी फळमाश्यांच्याच एका लॅबमध्ये पीएच.डी. करते, चौथं वर्ष चालू आहे. इंटर्नचे अर्ज आमच्या गाईड पहिल्या चाळणीसाठी माझ्याकडे आणि एका पोस्टडॉककडे (पीएच.डी. झाल्यावर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याकडे) देतात. गेली तीन वर्षं हे काम करतेय, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

तुझ्या उताऱ्यात खोटं काही नाही, पण त्याखाली दुसऱ्या कुणाचंही नाव घातलं तरी तो चालून जाईल. मागच्या खेपेला मी एका दिवसात चाळीस अर्ज वाचले, त्यातल्या निम्म्यांची सुरुवात 'लहानपणापासून'ने होती. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या मुलांना खरंच आवड असणार. पण एका अर्जाला माझ्याकडे सात-आठ मिनिटं असतात, आणि तेवढ्यात ती आवड मला कुठे दिसत नाही.

मी काय बघते, ते आमच्या कामावरूनच सांगते. इंटर्न आला की पहिले काही दिवस तो माश्या ओळखायला शिकतो. कार्बन डायऑक्साइडने माश्यांना गुंगी द्यायची, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने नर आणि माद्या वेगळ्या करायच्या. क्रॉस लावायला, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीचा संकर करायला, व्हर्जिन माद्या लागतात, नराशी अजून संग न झालेल्या. २५ अंशांवर वाढवलेली मादी कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून त्या मुदतीच्या आत त्या गोळा कराव्या लागतात. बाटली सकाळी रिकामी केली की संध्याकाळच्या आत पुन्हा हजर. आता त्यात आधीच नराशी संग झालेली एकच मादी मिसळली असं धर. ते त्या दिवशी कळत नाही. अंड्यापासून माशी व्हायला त्या तापमानाला जवळजवळ दहा दिवस लागतात, तेव्हा कुठे पुढच्या पिढीत भलतेच डोळे किंवा भलतेच पंख दिसतात. दहा आठवड्यांसाठी आलेल्या मुलाचा तेवढा वेळ पाण्यात गेलेला असतो.

चूक सगळ्यांच्या हातून होते, माझ्याही झाल्यात. मला अर्जातून एवढंच हुडकायचं असतं की हे मूल शंका आली की थांबेल का, आणि चुकलं तर त्याच संध्याकाळी येऊन सांगेल का. गुणपत्रिकेवरून हे समजत नाही. ७.४ म्हणजे काही कमी नाहीत. जिथे किमान सरासरीची अट लिहिलेली असते तिथे तेवढी अट बघ आणि तो विषय सोडून दे.

तर मला आता त्या 'साध्या' प्रोजेक्टबद्दल सांग. रिपोर्टमध्ये आलंय ते नको. काय बिघडलं होतं ते लिही.

सदाफुली_२१

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप धन्यवाद. बिघडलं म्हणजे... सांगते.

साखरेच्या वेगवेगळ्या प्रमाणात परागकण किती रुजतात ते बघायचं होतं. ५, १०, १५ आणि २० टक्के सुक्रोज, सगळ्यांत थोडं बोरिक ॲसिड. खोलगट स्लाइडवर थेंब, त्यात परागकण, तासाभराने मायक्रोस्कोपखाली शंभर मोजायचे आणि त्यातल्या किती कणांना नलिका फुटली ते लिहायचं. मी आणि माझी मैत्रीण मिळून करत होतो. दोन स्लाइड मी, दोन तिने, असं वाटून घेतलं होतं.

एकदा तिला उशीर झाला म्हणून तिची १० टक्क्यांची स्लाइड मी मोजली. शंभरात ६१ आले. ती आल्यावर तिने तीच स्लाइड मोजली, तर ७८. आम्ही पुन्हा मोजलं, पुन्हा तोच फरक. मग एकाच कणाकडे आळीपाळीने बघितलं तेव्हा लक्षात आलं की कणाला नुसता फुगवटा आला तरी ती 'रुजला' धरत होती, आणि मी नलिका चांगली लांब झाल्याशिवाय धरत नव्हते. मॅडमना विचारलं. त्यांनी आधी आम्हाला काय वाटतं ते विचारलं. शेवटी नलिकेची लांबी कणाच्या व्यासापेक्षा जास्त असेल तरच रुजला म्हणायचं, असं ठरलं. मॅडम म्हणाल्या, हीच व्याख्या पुष्कळ जण वापरतात.

पण मग आधीचे आकडे कुणी कसे मोजले होते याचा पत्ता नव्हता. जुन्या स्लाइड सुकून गेल्या होत्या. म्हणून चारही प्रमाणं पहिल्यापासून केली, त्यात दोन शनिवार गेले. तेव्हा आणखी एक दिसलं. शंभर कण मोजायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात नलिका वाढतच असतात. म्हणजे जी स्लाइड शेवटी मोजू तिला आपोआप जास्त वेळ मिळतो. मग आम्ही दर खेपेला स्लाइडचा क्रम बदलला. रिपोर्टमध्ये यातलं काही नाहीये, शेवटचं कोष्टक तेवढं आहे.

हे अर्जात लिहायचं? यात तर आमची चूकच दिसते ना?

माशीघर

हेच लिहायचं! सदाफुली, मी हे वाचून गाईडना दाखवायला गेले असते.

तुला ज्या लॅबमध्ये जायचंय तिथे दिवसभर काय चालतं ते सांगते, म्हणजे मी एवढी का खूश झाले ते कळेल. माशीची झोप मोजायची कशी? बोटाएवढ्या लांबीची काचेची बारीक नळी असते, बाहेरून साधारण ५ मिलिमीटर रुंद. एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, आत एकटी माशी. नळीच्या मध्यातून अवरक्त किरण जातो. माशीने तो ओलांडला की यंत्र एक आकडा टिपतं. अशा ३२ नळ्या एका मॉनिटरमध्ये बसतात आणि तो रात्रंदिवस मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. मग सलग पाच मिनिटं एकही आकडा आला नाही तर माशी झोपली, असं धरायचं. माशीची ही स्तब्धता खरोखर झोपच आहे, असं दाखवणारे पहिले पेपर २००० साली आले. ही पाच मिनिटांची मर्यादा आज या क्षेत्रात सगळीकडे वापरतात.

आता विचार कर. माशी नळीच्या टोकाला बसून खात असेल किंवा पाय घासत पंख साफ करत असेल, तर ती किरण ओलांडत नाही. यंत्राच्या लेखी ती झोपलीय. म्हणून कित्येक जण आता व्हिडिओवरून बघतात, किंवा एकाच्या जागी जास्त किरण असलेले मॉनिटर लावतात. म्हणजे 'झोपली' कधी म्हणायचं, हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे, आणि तुझा 'रुजला कधी म्हणायचं' हा प्रश्न त्याचाच सख्खा भाऊ. तू तो पुस्तकात वाचलेला नाहीस, स्लाइडवर तुला सापडला. आणि दोन शनिवार घालवून तू तो निस्तरलास. पेपर नाही म्हणून रडू नको.

एसओपी असा लिही. पहिला परिच्छेद थेट ६१ आणि ७८ वरून सुरू कर, नमनाला घडाभर तेल नको. मग तुम्ही काय ठरवलं, काय पुन्हा केलं. मग त्या लॅबचा एक पेपर घे, एकच, पण नीट वाच. आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर आधी, मग पद्धतींचा भाग, सारांश शेवटी. त्यात तुला एक तरी प्रश्न पडेल, तो विचार. सगळं समजल्याचा आव आणू नको, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. 'तुमचं भरीव कार्य' वगैरे लिहू नको, त्यांना त्यांचं कार्य माहीत आहे. मशीनकडून लिहून घेतलेले उतारेही हल्ली खूप येतात. ते गुळगुळीत असतात, पण त्यात ६१ आणि ७८ नसतात.

मेलचं म्हणशील तर कर, जरूर कर, फक्त त्या संस्थेच्या पानावर 'थेट संपर्क करू नये' असं लिहिलेलं नाही ना ते आधी बघ. मोठ्या प्रोग्रामांत कधीकधी तसं असतं. मेल आठ-दहा ओळींचा. तू कोण, कोणत्या महिन्यांत मोकळी आहेस, त्यांचं कोणतं काम वाचलंस, त्यात काय प्रश्न पडला, आणि 'या काळात इंटर्नसाठी जागा आहे का' हे सरळ विचार. ताकाला जाऊन भांडं लपवू नको. प्रमुखांचं नाव नीट लिही, आडनावाचं स्पेलिंग दोनदा तपास. एकाच मेलमध्ये वीस जणांना टाकलेलं लगेच ओळखू येतं आणि ते कुणी उघडत नाही. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण दे. त्यानंतर पुढची लॅब.

निवृत्त_मास्तर

शिफारसपत्राबद्दल मी लिहितो. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं आणि अशी पत्रं किती लिहिली त्याची मोजदाद नाही.

बाळ, पत्र प्रॅक्टिकलच्या मॅडमकडूनच घे. ज्यांनी तुला दोन शनिवार पुन्हा मोजताना पाहिलंय त्यांच्या पत्रात वजन असणार. मोठ्या नावाच्या माणसाने न ओळखता लिहिलेलं पत्र साधारण असं असतं: 'सदर विद्यार्थिनी माझ्या विभागात शिकत असून तिची वर्तणूक चांगली आहे.' वाचणारा त्यातून एवढंच समजतो की यांना ही मुलगी माहीत नाही. प्रसंगी असं पत्र नसलेलं बरं.

मॅडमना आजच्या आज विचार. चार आठवडे हाताशी असले तर माणूस नीट लिहितो. विचारताना 'पत्र द्याल का' एवढ्यावर थांबू नको, 'माझ्या कामाबद्दल चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का' असं विचार. त्यात त्यांना नाही म्हणायलाही वाट राहते, आणि त्या हो म्हणाल्या तर ते मनापासून असतं. मग त्यांच्या हातात एक कागद दे. सहाही ठिकाणांची नावं, प्रत्येकाची शेवटची तारीख, तुझा सीव्ही, एसओपीचा कच्चा मसुदा, आणि तू त्यांच्याकडे काय काय केलंस त्याच्या पाच-सहा ओळी. ६१ आणि ७८ ची गोष्ट त्यात असू दे. शिक्षकांच्या हाताखालून दरसाल शंभर मुलं जातात, त्यांना आठवण करून द्यावी लागते. त्यात कसला संकोच?

बऱ्याच ठिकाणी पत्र गोपनीय असतं. तू अर्जात मॅडमचा मेल पत्ता भरतेस आणि पोर्टल त्यांना दुवा पाठवतं. तो दुवा स्पॅममध्ये जाऊन बसतो, हे मी स्वतः भोगलंय. एका मुलीचं पत्र तयार होतं, दुवा सापडला मुदत उलटल्यावर. तिचा अर्ज अपुरा ठरला. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, पण मला आजही त्याची रुखरुख आहे. म्हणून अर्ज भरलास की त्याच दिवशी मॅडमना सांग, 'आत्ता मेल आला असेल, स्पॅमही बघाल का?' संस्थेचा अधिकृत मेल पत्ता दे. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा नम्रपणे विचार.

माशीघर यांनी फळमाशीचा विषय काढलाच आहे, तर मला राहवत नाही. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हे नाव तू जनुकशास्त्रात वाचलं असशील. तो कोलंबिया विद्यापीठात पदवीला होता. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी त्याने लहानपणीच मांडून ठेवल्या होत्या. मेंडेलच्या नियमांवरचं एक पुस्तक वाचल्यावर त्याला वाटलं, घोड्यांचे रंगही या नियमांनी सांगता येतील. त्याने ते लिहून काढलं आणि तिथले प्राध्यापक, फळमाश्यांवर काम करणारा थॉमस हंट मॉर्गन, याला नेऊन दाखवलं. मॉर्गनने ते छापायला सांगितलं, ते १९१० मध्ये छापून आलं, आणि या मुलाला फळमाश्यांच्या त्या प्रसिद्ध खोलीत एक टेबल मिळालं. १९११ मध्ये, अजून पदवीलाच असताना, मॉर्गनशी बोलताना त्याच्या ध्यानात आलं की दोन जनुकं एकमेकांपासून किती वेळा सुटी होतात त्यावरून त्यांच्यातलं अंतर काढता येईल. आकडे घरी नेले, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून रात्रभर बसला, आणि सकाळपर्यंत क्रोमोसोमचा पहिला नकाशा तयार होता. १९१३ मध्ये तो सहा जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला.

मॉर्गनच्या दारात जाताना त्या मुलाच्या हातात घोड्यांच्या रंगांच्या स्वतः केलेल्या नोंदी होत्या. तुझ्या हातात परागकणांच्या आहेत.

मुदतपाहणी

वर सगळं छान सांगितलंय, मी फक्त कोरडी माहिती देतो. मी दोन वर्षं या अर्जांच्या मागे होतो.

सर्वांत आधी पात्रतेचा परिच्छेद वाच. मी एक अख्खा आठवडा अमेरिकेतल्या आरईयू (पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या) प्रोग्रामच्या अर्जावर घालवला आणि शेवटी कळलं की तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून मिळणाऱ्या त्या जागा अमेरिकेचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी यांनाच असतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा उन्हाळी विद्यार्थी प्रोग्राम १९६२ पासून चालू आहे, पण तो भौतिकशास्त्र, संगणक, अभियांत्रिकीवाल्यांसाठी, आणि त्यात सदस्य देश व इतर देश यांचे अर्ज वेगवेगळे असतात. जपानमधल्या ओकिनावाच्या ओआयएसटी संस्थेत इंटर्नशिपला देशाची अट नाही आणि जीवशास्त्राच्या लॅब भरपूर आहेत, तुझ्या यादीत नसेल तर बघ.

प्रत्येक ठिकाणची रीतही वेगळी. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या सर्फ या उन्हाळी संशोधन प्रोग्राममध्ये आधी मार्गदर्शक गाठायचा आणि त्याच्याशी बोलून प्रकल्पाचा आराखडाच अर्जासोबत द्यायचा असतो. काही ठिकाणी उलट, तू नुसता विषय निवडतेस आणि लॅब कोणती ते संस्था ठरवते. म्हणून सहा ठिकाणांना एकच एसओपी चिकटवू नको.

मुदतीची वेळ कुठल्या घड्याळाची ते बघ. 'रात्री ११:५९' ही त्यांच्याकडची रात्र असते. आणि शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रांगतं, दोन दिवस आधी भरून मोकळी हो. गुणपत्रिका पीडीएफमध्ये, सरळ स्कॅन केलेली, फाइलला स्वतःचं नाव दिलेली.

परदेशी निवड झाली तर व्हिसासाठी संस्थेचं निमंत्रणपत्र लागतं. होकार आला की त्याच मेलमध्ये ते मागून घे, कारण व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखा मिळेपर्यंत आठवडे जातात.

आणि पैशाचं. बऱ्याच चांगल्या प्रोग्रामांत स्टायपेंड असतं, काही ठिकाणी नसतं, पण 'रिसर्च इंटर्नशिप'साठी तुझ्याकडूनच फी मागून शेवटी प्रमाणपत्र देणारे जे कुणी असतील त्यांच्यापासून लांब राहा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने तशी फी भरली. त्याला महिनाभर रेकॉर्ड केलेली लेक्चरं मिळाली, लॅबचं दारही दिसलं नाही.

फेरअर्ज

सदाफुली, एवढ्या सूचना वाचून दडपण येऊ देऊ नकोस. मी पहिल्या वर्षी अकरा ठिकाणी अर्ज केले होते. सात ठिकाणांहून नकार, चार ठिकाणांहून काहीच नाही. तेव्हा मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. नंतर एका लॅबच्या प्रमुखांना मेल करून विचारलं की पुढच्या वेळी काय सुधारू. त्यांनी लिहिलं की अर्ज चांगला होता, पण त्या वर्षी लॅबमध्ये शिकवायला मोकळं असलेलं कुणीच नव्हतं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. इंटर्नला रोज कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं, आणि ते माणूस स्वतःचा थिसिस लिहीत असेल तर जागा नसते. दुसऱ्या वर्षी त्याच लॅबने मला घेतलं.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर वीसेक मिनिटांची झाली. मला विचारलं, 'प्रयोग फसला तेव्हा काय केलंस?' आणि एका आलेखाकडे बोट दाखवून 'यातून काय दिसतं?' मला उभ्या अक्षावरची राशी कळली नव्हती. मी तसं सांगितलं आणि विचारलं की हे कशाचं मोजमाप आहे. त्यांनी समजावलं आणि मग पुढे छान गप्पा झाल्या. नंतर गाईड म्हणाले की तिथे अंदाजपंचे बोलली असतीस तर घेतलं नसतं.

सदाफुली_२१

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. मॅडमनाही विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांना ६१-७८ चा दिवस आठवत होता! त्यांनी आमची प्रॅक्टिकलची वही आणायला सांगितलीय, पत्र लिहिताना समोर हवी म्हणाल्या.

परिच्छेद असा झालाय:

"सदाफुलीच्या परागकणांची एकच स्लाइड मी मोजली तेव्हा १०० पैकी ६१ कण रुजलेले होते, माझ्या सहकारी विद्यार्थिनीने मोजली तेव्हा ७८. कण रुजला असे कधी म्हणायचे, हे आम्ही ठरवलेलेच नव्हते. नलिकेची लांबी कणाच्या व्यासापेक्षा जास्त असावी अशी व्याख्या आम्ही ठरवली आणि चारही प्रमाणांचे प्रयोग पहिल्यापासून केले. मोजणीच्या पंधरा मिनिटांत नलिका वाढत राहतात हे तेव्हा लक्षात आले, म्हणून प्रत्येक वेळी स्लाइडचा क्रम बदलला. तुमच्या लॅबच्या पेपरमध्ये सलग पाच मिनिटे किरण न ओलांडणारी माशी झोपलेली मानली आहे. कमी खाद्य मिळालेल्या माश्या कमी झोपतात, असे त्यात दाखवले आहे. त्या माश्या नळीच्या कोणत्या भागात जास्त वेळ असतात हे पाहिले आहे का? खाद्यापाशी थांबलेली माशी आणि झोपलेली माशी यांत फरक कसा केला, हे मला समजून घ्यायचे आहे आणि ते शिकण्यासाठी मला तुमच्याकडे यायचे आहे."

ताई, शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो का? त्यांनी आधीच पाहिलं असेल तर?

माशीघर

आगाऊपणा कसला, हा प्रश्न आमच्या साप्ताहिक मीटिंगमध्ये कुणीही विचारेल. त्यांनी पाहिलं असेल तर मुलाखतीत उत्तर देतील आणि बोलणं तिथूनच सुरू होईल. फक्त पाठवायच्या आधी त्या पेपरच्या पूरक आकृत्या उघडून बघ. उत्तर तिथे असेल तर प्रश्न थोडा बदल: 'पूरक आकृतीत तुम्ही हे दाखवलंय, पण रात्री काय होतं?' असं काहीतरी. पेपर मागे-पुढे वाचलाय हे त्यातून आपोआप कळतं.

दोन बारीक दुरुस्त्या. 'चारही प्रमाणांचे' म्हणालीस, पण कशाची प्रमाणं ते आलेलंच नाही. 'सुक्रोजच्या ५ ते २० टक्के अशा चार प्रमाणांत' असं घाल. आणि नवी व्याख्या लावल्यावर तुम्हा दोघींचे आकडे किती जवळ आले? एकच स्लाइड दोघींनी पुन्हा मोजली असेल तर ते दोन आकडे वहीत असतीलच. वही मॅडमकडे द्यायच्या आधी तेवढे उतरवून घे आणि तिसऱ्या वाक्यानंतर टाक.